शेजारच्या दोघी बहिणी

"त्या दोघी कोण गं?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत भांड्यांचा खोका होता, कंबर मोडायला आली होती आणि सोफा कुठे ठेवायचा म्हणून ट्रकवाला दारातून ओरडत होता. आम्ही त्या दिवशी डब्लिनमधल्या नव्या घरात राहायला आलो होतो. हे डब्लिन म्हणजे आमचं ओहायोतलं, कोलंबसच्या शेजारचं. सगळी घरं एका रंगाची, एका मापाची, आणि दर चार घरांमागे एक देशी कुटुंब.

मी खिडकीतून बघितलं. पलीकडच्या अंगणात दोन बायका झाडांना पाणी घालत होत्या, एक उंच, एक ठेंगणी. दोघी पन्नाशीच्या आसपास. ठेंगणीचे केस डोळ्यांवर येत होते आणि तिचे हात मातीने भरलेले, म्हणून उंच बाईने नळी खाली ठेवली, तिचे केस मागे सारले आणि कानामागे नीट खोचले. मला एका क्षणात कळलं. सासूबाईंनीही तेच पाहिलं होतं आणि त्या कौतुकाने हसत होत्या.

"बहिणी आहेत," मी म्हटलं.

का म्हटलं? आता नाना कारणं देता येतील. सासरे गेल्यावर सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. पोस्टातून रिटायर झालेल्या, कडक, उपासतापास करणाऱ्या. मला वाटलं, खरं सांगितलं तर त्या शेजारी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. पण त्यांना विचारलं कुठे मी? खरं कारण एकच, सोय. माझ्या हातात जड खोका होता आणि 'बहिणी' हा शब्द हलका होता.

झालं! त्या दिवसापासून त्या दोघींची नावंच पडली. उंच ती थोरली, ठेंगणी ती धाकटी. प्रत्यक्षात ठेंगणी वयाने मोठी होती, पण आता कोण सांगणार! माझी मुलगी तर त्यांना सरळ मावशी म्हणायला लागली आणि त्यांना ते इतकं आवडलं, की शेजारच्या मेलबॉक्सवर कुणीतरी 'मावशी' असं इंग्रजी अक्षरांत रंगवलेलंही मी पाहिलं.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं बाप्पा. सासूबाई चौकस. "चेहरे काही जुळत नाहीत गं." मी म्हणे, एक आईवर गेलीय, एक वडिलांवर. "लग्नं का नाही केली दोघींनी?" मी म्हणे, धाकटीचं मोडलं म्हणून थोरलीने केलं नाही. हे ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, याला म्हणतात बहीण," त्या म्हणाल्या, "नाहीतर आमची." आणि मला हसू आलं, हेही सांगून टाकते. रात्री नवऱ्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "कधीतरी अंगाशी येईल हं हे." मी म्हटलं, "येईल तेव्हा बघू."

सासूबाईंची खरी मैत्री झाली ती धाकटीशी. ती घरीच असायची. थोरली सरकारी कॉलेजात नोकरीला होती. धाकटीला विणकाम शिकायचं होतं आणि सासूबाईंच्या सुया कधी थांबत नसत. रोज दुपारी दोघी आमच्या किचनच्या टेबलाशी बसत. एकीला मराठी येत नाही, दुसरीचं इंग्रजी अडखळत चालणारं, पण लोकरीला काय भाषा लागते? धाकटी शिकली ती चार शब्द शिकली: सुलट, उलट, चुकलं आणि उसव. सासूबाई तिच्या हातातलं विणकाम उचलून चष्म्यासमोर धरत आणि म्हणत, "चुकलं. उसव." ती कपाळावर हात मारून ओळीच्या ओळी उसवायची. पुढेपुढे आमच्याकडे काहीही बिघडलं, टोस्ट करपला, दूध उतू गेलं, की ती सासूबाईंच्याच आवाजात म्हणायची, "चुकलं! उसव!" आणि दोघी पोट धरून हसायच्या.

मग धाकटीला कॅन्सर निघाला. केस गेले. सासूबाईंनी तिच्यासाठी मऊ लोकरीची टोपी विणली, निळी. थोरली हॉस्पिटलमधून तिला घेऊन यायची तेव्हा सासूबाई मुगाच्या डाळीची पातळ खिचडी घेऊन दारात हजर. सगळा खर्च थोरलीच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर चालला होता, हे मला थोरलीनेच सांगितलं होतं. कॉलेजने नुकतंच अशा जोडीदारांना इन्शुरन्समध्ये घ्यायला सुरुवात केली होती. ती म्हणाली होती, "नाहीतर आम्ही घर विकलं असतं."

हे सगळं असं चाललेलं असताना आलं दोन हजार चार साल. सासूबाई त्या उन्हाळ्यात सिटिझन झाल्या. परीक्षेचे प्रश्न त्यांनी इतके घोटले होते, की भाजी चिरताना आम्हालाच विचारायच्या, बोला, सिनेटर किती वर्षांसाठी? नोव्हेंबरची निवडणूक ही त्यांची पहिली. त्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांचं तर होतंच, पण आमच्या राज्यात आणखी एक प्रश्न मतपत्रिकेवर होता, आणि त्याच दिवशी तो इतरही बऱ्याच राज्यांत विचारला जाणार होता. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असं राज्याच्या घटनेत लिहायचं का? यस की नो. त्यात आणखी एक ओळ होती: लग्नाशिवायच्या कुठल्याही नात्याला राज्याने लग्नासारखा दर्जा द्यायचा नाही. त्या ओळीत धाकटीचा इन्शुरन्स अडकला होता.

शेजारच्या अंगणात 'व्होट नो'ची पाटी लागली. सासूबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "शाळेच्या टॅक्सचं असेल. दरवर्षी लावतात मेले." मी गप्प बसले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्या कागद घेऊन माझ्यामागे आल्या. मी पोळ्या लाटत होते, मुलीचा होमवर्क चालला होता, नवरा प्रोजेक्टवर बाहेरगावी. "हे लग्नाचं काय आहे गं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "लग्न बाई आणि पुरुषाचंच असतं, असं लिहायचंय."

"मग? त्यात विचारायचं काय?"

"काही नाही आई. तुम्हाला हवं ते करा."

तवा तापला होता. तेवढ्यात सांगता आलं असतं. 'आई, शेजारच्या त्या दोघी' एवढं जरी म्हटलं असतं, तरी पुढचं आपोआप आलं असतं. पण मग तीन वर्षांचं सगळं सांगावं लागलं असतं, ते मोडलेलं लग्न, आईवर गेलेली आणि वडिलांवर गेलेली. मी पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. शाळेच्या जिमबाहेर ही भली मोठी रांग. सासूबाई ठेवणीतल्या साडीवर रेनकोट घालून उभ्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या छातीवर मतदान केल्याचं स्टिकर होतं आणि चेहरा असा, की मी फोटो काढला. "सगळं नीट वाचून केलं," त्या म्हणाल्या. मी नो केलं होतं. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. शी! आता आठवलं तरी लाज वाटते.

बुधवारी सकाळी निकाल. रस्ता नेहमीपेक्षा शांत होता. समोरच्या घरातल्या माणसाने आपल्या पाट्या तशाच ठेवल्या आणि वर झेंडा लावला. कोपऱ्यावरच्या बाईने आपल्या उपटून गॅरेजमध्ये फेकल्या, त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. ऑफिसला फोन केला तर मैत्रीण म्हणाली, "आज येऊ नकोस यार, इथे अर्धे लोक डोनट वाटतायत आणि अर्धे बाथरूममध्ये रडतायत."

आणि शेजारच्या पायरीवर धाकटी बसली होती, नाइटगाऊनवर, निळी टोपी घालून. थोरली कामावर गेली नव्हती. तिच्या खांद्यावर हात टाकून बसली होती. दोघी रडत होत्या.

सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि हातातला चहा ठेवला. "अगं, कोणी गेलं वाटतं त्यांच्याकडे. वडील असतील." त्या आत गेल्या, साडी बदलून पांढरी साधी नेसून आल्या, शाल घेतली. "चल, भेटून येऊ. अशा वेळी जायला हवं." त्या दार उघडायला लागल्या तेव्हा मी मध्ये उभी राहिले.

"कोणी गेलं नाही, आई."

मग सांगितलं. उभ्या उभ्या, दारातच. बहिणी नाहीत. एकत्र आहेत, वीस-बावीस वर्षं. काल ज्याला मत दिलं ते त्यांच्याविरुद्ध होतं. इन्शुरन्स जाईल की काय म्हणून रडतायत.

सासूबाई खाली बसल्या, चपला काढायच्या स्टुलावर. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिच्या औषधावर मत दिलं?"

"तसं नाही आई..."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही. तुम्ही जाणं बंद कराल."

"कदाचित केलंही असतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस केलं असतं. मग गेले असते. पण ते माझं मी ठरवलं असतं ना गं? तू कोण माझ्या वतीने ठरवणार?"

भांडायची मला सवय, तोंडाने मी फटकळ, आणि त्या दिवशी मी त्यांची शाल घेऊन नुसती घडी घालत राहिले.

दुपारी त्या कॉर्डलेस फोन घेऊन आल्या. "त्या इलेक्शनच्या ऑफिसला फोन लाव. सांग, माझं मत परत घ्या. माझी समजण्यात चूक झाली." मी म्हटलं, आई, मत परत घेता येत नाही. "का नाही? पोस्टात टाकलेलं पत्रसुद्धा आम्ही अर्ज घेऊन परत द्यायचो." नवरा संध्याकाळी आला. तो समजावायला गेला, "आई, तुझ्या एका मताने काय फरक पडतो? लाखोंनी पास झालंय ते." त्याच्यावर अशा कडाडल्या! "एका मताने फरक पडत नाही, तर मला पावसात उभं कशाला केलंत?"

धाकटी दुपारची येईनाशी झाली. तिला बरं नसेल, असं मी म्हणत राहिले. सासूबाईंनी सुया गुंडाळून कपाटात ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात मराठी मंडळाची दिवाळी होती. फराळाच्या टेबलाशी तीच चर्चा. एक काका चकली मोडत म्हणाले, "बरं झालं, काहीतरी मर्यादा राहिली." एक नुकतंच सिटिझन झालेलं जोडपं भांडत होतं. ती म्हणत होती, "मी यस केलं, मला वाटलं नो केलं तर आपलंच लग्न कॅन्सल!" सगळे खो खो हसले. मीही हसले. "आपल्याला काय करायचंय यार, आपल्यापैकी कोणी तसं आहे का," असं कोणीतरी म्हणालं आणि माना हलल्या. सासूबाई भरलेली डिश तशीच ठेवून उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, "उद्या त्यांच्याकडे जायचं. मी बोलणार, तू इंग्रजीत सांगायचं. हे मला इंग्रजीत जमायचं नाही, भलतंच काहीतरी निघेल."

"आई, मत गुप्त असतं. त्यांना कधीच कळणार नाही."

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन गेलो. थोरलीने दार उघडलं. धाकटी सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. सासूबाईंना बघून तिने दोन्ही हात पुढे केले. सासूबाईंनी ते धरले आणि उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. "मी तुमच्या विरुद्ध मत दिलं. मला माहीत नव्हतं, पण दिलं. माझं चुकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग."

आणि मी काय सांगितलं? मी म्हटलं, "जे झालं त्याचं आईंना फार वाईट वाटतंय. त्या तुमच्यासोबत आहेत." देवाशप्पथ, ठरवून नाही. धाकटीचा चेहरा समोर होता, ओढलेला, भुवया गेलेल्या, आणि माझ्या तोंडून पुन्हा हलकंच काहीतरी निघालं. थोरलीने डोळे पुसले. ती सासूबाईंच्या गळ्यात पडली. सासूबाईंना वाटलं, हिने माफ केलं. त्यांचं अंग सैल पडलं ते मला दिसलं.

पण धाकटी माझ्याकडे बघत होती. सासूबाईंच्या बोलण्यातला एक शब्द तिला येत होता.

"चुकलं?" ती सासूबाईंना म्हणाली. मग थोडं हसून, त्यांच्याच आवाजात, "उसव!"

सासूबाईंचा बांध फुटला. त्या तिथेच गालिच्यावर बसल्या, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि रडतरडत म्हणाल्या, "नाही गं उसवता येत. विचारलं मी. नाही येत."

"काय म्हणतायत त्या?" धाकटीने मला विचारलं. "काय चुकलं?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. मी सांगितलं. आईंनी यस केलं. त्यांना कळलं नव्हतं.

थोरली मागे सरकली. "कळलं नव्हतं म्हणजे? खिचडी घेऊन आमच्या दारात येतात. आम्हाला ओळखतात."

सासूबाईंना एवढं इंग्रजी समजलं. त्यांनी डोळे पुसले आणि माझी वाट न बघता आपल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आय वॉज थिंकिंग यू आर सिस्टर्स."

मग थोरलीने अगदी हळू विचारलं, "असं कोणी सांगितलं त्यांना?"

'मी', असं म्हणायचं होतं. दोन्ही भाषांत ते एकच अक्षर. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नोबडी," त्या म्हणाल्या. "ओन्ली मी. ओल्ड वुमन."

आणि मी ते तसंच राहू दिलं.

धाकटीने सासूबाईंच्या केसांवर हात ठेवला, ठेवलेलाच राहिला. पण तिची नजर माझ्यावर होती. ती मूर्ख नव्हती. तीन वर्षं माझ्या मुलीच्या तोंडून 'मावशी' ऐकत होती, आणि मावशी म्हणजे आईची बहीण, हे मीच तिला हौसेने समजावलं होतं.

घरी येताना मी म्हटलं, "आई, तुम्ही खोटं का बोललात?" त्या म्हणाल्या, "तुला अजून खूप वर्षं त्यांच्या शेजारी राहायचंय. माझं काय!"

पण तसं काही राहायचं नव्हतं. कॉलेज म्हणत होतं, लगेच काही बदलणार नाही, कोर्टात काय ठरतं ते बघू. थोरली म्हणाली, बघत बसायला आमच्याकडे वेळ नाही. तिने दुसऱ्या राज्यात नोकरी घेतली आणि वसंतात त्यांच्या दारात ट्रक आला. तोपर्यंत धाकटी पुन्हा दुपारची येत होती, सासूबाईंच्या सुया कपाटातून बाहेर आल्या होत्या. माझ्याशी थोरली आणि धाकटी नीट वागत. हवापाण्याचं बोलत. निघताना धाकटीने सासूबाईंना किती वेळ सोडलंच नाही, आणि मला म्हणाली, "टेक केअर." जसं बँकेतली बाई म्हणते तसं.

मी तेव्हाही बोलू शकले असते. ट्रक चालू होता, काच खाली होती.

उन्हाळ्यात त्या घरात नवीन लोक आले, नवरा-बायको, मराठीच, पुण्याहून आलेले. बायको लाघवी होती. चहाला आली, किचनमध्ये बसली, खिडकीतून आपल्याच घराकडे बघत म्हणाली, "बाग काय सुंदर ठेवलीय हो! आधी कोण राहायचं इथे?"

"दोन बह..." माझ्या तोंडून निघालंच. टेबलाच्या टोकाशी सासूबाई विणत होत्या. त्यांच्या सुया थांबल्या. मान वर केली नाही. नुसत्या थांबल्या.

"एक जोडपं होतं," मी म्हटलं. "दोघी बायका. खूप वर्षं एकत्र होत्या."

"अय्या, हो?" ती म्हणाली आणि पुढे शाळेचं विचारू लागली. एवढंच. आभाळ कोसळलं नाही, कोणी चहा ठेवून उठलं नाही. सुया पुन्हा सुरू झाल्या. इतकं सोपं होतं ते, आणि ज्यांच्यासाठी म्हणायचं, त्या निघून गेल्या होत्या.